जुन्या पाटीवरची अक्षरे

सराफ गल्लीत मोड द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सराफ वजन विचारतो, कस पाहतो, फार तर जुनी पावती मागतो. त्या पाटल्या कोणाच्या हातात होत्या आणि त्या हातांचे पुढे काय झाले, हे तो विचारीत नाही. विचारण्याचे कारणही नसते. मुशीत गेलेले सोने सगळे विसरते. पितळेच्या भांड्यांची गोष्ट थोडी वेगळी. गुजरीवाल्याकडून जुना तांब्या घ्यावा, तर काठाखाली कोणाचे तरी नाव, एखादी तारीख, कधी माहेरचे आडनाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले सापडते. ते वाचून आपण क्षणभर थबकतो, मग चिंच लावून तांब्या लखलखीत करतो आणि त्यात पाणी भरतो. आपण दुसऱ्याचे होतो एवढेच तो तांब्या सांगतो. त्याहून अधिक सांगत नाही, म्हणून त्याचे आपले जमते.

अलीकडे तिसऱ्या जातीची एक जुनी वस्तू बाजारात येऊ लागली आहे. तिचे नाव संगणकाची हार्ड डिस्क. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून, कार्यालयातून काढून टाकलेल्या संगणकांतून, दुकानांतल्या कॅमेऱ्यांच्या पेट्यांतून या डिस्का निघतात आणि बंगळूरच्या एस. पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ढिगाने विकायला असतात. मूठभर आकाराची, पाऊण किलोच्या आतबाहेरची ही वस्तू तांब्यासारखी नुसते नाव सांगून थांबत नाही. विचारले तर सगळे सांगते.

विकणारा म्हणतो, "आतले सगळे पुसले आहे." तो बहुधा खोटे बोलत नसतो, पण त्याचे म्हणणे खरेही नसते. संगणकावर आपण एखादी फाइल काढून टाकतो, तेव्हा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसे काहीसे होते. प्रकरणे जागच्या जागी राहतात, ती कोणत्या पानावर आहेत एवढेच यंत्र विसरते. घाईघाईने केलेल्या फॉरमॅटचीही तीच गत. त्या पानांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पहिली अक्षरे तशीच असतात, आणि शोधायची साधी साधने असणाऱ्यालाही ती सापडतात. अमेरिकेत एम.आय.टी.मधील सिम्सन गारफिंकल आणि अभि शेलत या दोघा संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या डिस्का बाजारातून विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या. नीट, पूर्ण पुसलेल्या त्यांत केवळ १२ होत्या. बाकीच्यांत लोकांचे खाजगी पत्रव्यवहार, दवाखान्यांच्या नोंदी आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. २००३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यानंतर वीसएक वर्षे लोटली. लोक अधिक सावध झाले असतील. पण घरातला जुना संगणक विकताना डिस्क काढून ठेवणारा माणूस माझ्या पाहण्यात फारसा नाही.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी. आता तो तिशी ओलांडलेला, बायकामुलांचा गृहस्थ आहे. कॅमेरे बसवणे आणि संगणक दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या सांगलीच्या आत्याचे घर २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पाण्याखाली गेले. भांडी धुऊन घेता आली, गाद्या नव्या भरता आल्या. अल्बममधले फोटो मात्र एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आपल्या घरात जे जपण्यासारखे आहे ते एका ठिकाणी, पाण्यापासून दूर आणि सगळ्यांना काढून पाहता येईल असे ठेवायचे. अशा यंत्राला फाइल सर्व्हर म्हणतात. घरातल्या घरात कोणीही आपल्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून त्यात वस्तू ठेवावी आणि काढावी. एक प्रकारचा सामायिक कोनाडाच म्हणा. नवे, मोठे यंत्र घेण्याइतका पैसा नव्हता. म्हणून त्याने जुन्या डिस्का जमवायला सुरुवात केली. काही बंगळूरहून मागवल्या, काही गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या कॅमेऱ्यांच्या पेट्यांतून काढल्या. एकूण अकरा झाल्या.

जपायचे काय होते? आजोबा हातमागावर साड्या विणीत. त्यांच्या काठ-पदराच्या नक्षीच्या चौकटी-चौकटीच्या वह्या होत्या. वडिलांनी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट होत्या. आणि जमिनीचे कागद होते: पणजोबांचे मोडीत, आजोबांचे बाळबोध मराठीत, वडिलांचे कन्नडमध्ये. आपल्या भागातली अनेक घरांतली पेटी उघडली तर कागदांचा हाच क्रम दिसेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेची तारीख पुस्तकात शोधण्याची गरज नाही, ती पेटीतल्या कागदांच्या थरांत सापडते. आता पणजोबांचा कागद जपला आहे खरा, पण तो वाचील असा माणूस घरात नाही. मोडी जाणणारा शोधावा लागतो. नवल वाटेल, पण डिस्कचेही असेच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची रुंद पट्टीच्या तारेची डिस्क आजच्या संगणकाला थेट जोडता येत नाही. वस्तू असते, वाचणारा जातो. तेव्हा जतन म्हणजे एकदा कुलूप लावून मोकळे होणे नव्हे. दर पिढीला नव्या पाटीवर उतरवून काढणे हे त्याच्याच पोटात आले.

पण जुन्या, वापरलेल्या, केव्हा दगा देतील ते सांगता न येणाऱ्या डिस्कांवर असा ठेवा सोपवायचा हा शहाणपणा कसला, असे मीही त्याला विचारले. त्यावर त्याने मला जे समजावले ते माझ्या पद्धतीने सांगतो. दहावीच्या गुणपत्रिकेत सहा विषयांचे गुण असतात आणि खाली बेरीज असते. समजा, पाणी पडून गणिताचे गुण पुसले गेले. उरलेल्या पाच विषयांचे गुण बेरजेतून वजा केले की गणिताचे परत मिळतात. डिस्कांच्या जुळणीत हेच करतात. मजकूर अनेक डिस्कांवर वाटून ठेवायचा आणि त्याच्या जोडीला त्याची 'बेरीज' ठेवायची. एक डिस्क मेली तर बाकीच्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा रचता येतो. दोन विषयांचे गुण पुसले गेले तर मात्र एका बेरजेवर भागत नाही, दुसरे समीकरण लागते, हे नववीचा मुलगाही सांगेल. म्हणून त्याने दोन वेगवेगळ्या 'बेरजा' ठेवल्या. आठ डिस्का प्रत्येकी ५०० गिगाबाइटच्या, म्हणजे एकूण चार टेराबाइट. त्यांतल्या दोन डिस्कांएवढी जागा या हिशेबात जाते आणि हाती तीन टेराबाइट उरतात. अकरांपैकी दोन तपासणीतच नापास झाल्या. आठ जुळणीत बसल्या. एक राखीव म्हणून बाजूला ठेवली. या अकराव्या डिस्कची गोष्ट पुढे येणार आहे.

ही कल्पना १९८८ साली अमेरिकेत बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडली. मोठी, महागडी एकच डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्कांचा ताफा का वापरू नये, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांनी दिलेल्या नावात 'स्वस्त' हा शब्दच होता. पुढे डिस्का विकणाऱ्यांना तो शब्द रुचला नसावा. त्याच्या जागी 'स्वतंत्र' हा शब्द रूढ झाला. मला पहिलाच शब्द प्रामाणिक वाटतो. या जुळणीचे मर्म असे की, तीत कोणत्याही एका डिस्कच्या चांगुलपणावर भरवसा ठेवलेला नाही. प्रत्येकजण केव्हा तरी कोसळणार, हे आधीच गृहीत धरलेले आहे. आणि केव्हा कोसळणार हे कळत नाही, हेही. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी बिघडण्याआधी कसलीच खूण दाखवली नव्हती. काल ठणठणीत, आज गेली.

एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांना इथे दृष्टान्त सापडेल. पण त्यांनी तो जपून वापरावा. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या, सारखेच तास राबलेल्या डिस्का एकदमच थकण्याची भीती असते. त्यातून एक मेली की तिचा मजकूर पुन्हा रचताना बाकीच्यांना तासन्‌तास न थांबता राबावे लागते, आणि त्या ओझ्याखाली दुसरी बसते. म्हणून जाणकार मुद्दाम वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या गावच्या डिस्का एकत्र करतात. शिवाय ही जुळणी म्हणजे सगळे काही नव्हे. चोर आला तर आठही नेईल, वीज पडली तर आठही जळतील, आणि घरातल्या पोराने एखादी फाइल पुसली तर ती आठही ठिकाणांहून इमानाने पुसली जाईल. म्हणून महत्त्वाच्या वस्तूंची एक निराळी प्रत त्याने निपाणीला मामाच्या घरी ठेवली आहे. घरात थोडी कुरबुर झाली ती विजेवरून. सगळे मिळून शंभर वॅट धरले तरी दिवसाला सुमारे अडीच युनिट होतात, महिन्याला सत्तर-पंचाहत्तर. २०२३ साली आलेल्या गृहज्योती योजनेत मोफत विजेला मर्यादा आहे, आणि घरातल्या बायकांचे लक्ष बिलावर आपल्यापेक्षा अधिक असते. आता यंत्र रात्री बंद ठेवतात.

आता ती राखीव डिस्क.

तपासणीसाठी जोडताच तिच्यातल्या कप्प्यांची यादी पडद्यावर आली. विकणाऱ्याने अनुक्रमणिकासुद्धा फाडली नव्हती. बहुतेक कप्प्यांना तारखांची नावे होती. एकाचे नाव होते 'लग्न २०११' अशा अर्थाचे, आणि एकाचे 'अम्मा लास्ट'. पोराचा हात थांबला. तो संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे पुसू काय?"

त्याने आत उघडून काही पाहिले नव्हते, हे मला आवडले. विकणाऱ्याला त्याने फोन केला होता. त्याने हा माल वजनावर उचललेला. कोणाचा ते त्यालाही ठाऊक नाही. "इरली बिडी, फॉरमॅट माडी," एवढे सांगून त्याने फोन ठेवला. व्यवहाराच्या दृष्टीने तो बरोबर होता. कायद्याच्या दृष्टीने पाहावे तर २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण एखाद्याने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याने कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे कायदा इथे बोलत नाही, आणि निर्णय माणसावर येऊन पडतो.

मी त्याला शिक्षकी उत्तर दिले. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्याला काय हवे वाटले असते, ते घरी विचार. दुसऱ्या दिवशी तो दोन उत्तरे घेऊन आला. त्याची बायको म्हणाली, "माझे फोटो असे परक्याच्या घरी पडले असते तर मला ते पुसलेलेच हवे झाले असते. बघायचे नाही, ठेवायचे नाही, शोधायचे नाही." त्याची आई म्हणाली, "आणि माझ्या आईचे शेवटचे फोटो असे हरवले असते, तर ते कोणी आणून दिले म्हणून मी त्याच्या पाया पडले असते. अम्मा म्हणजे आईच की." दोघीही एकाच घरातल्या, दोघींनीही स्वतःला त्या अनोळखी माणसाच्या जागी ठेवून पाहिले, आणि उत्तरे एकमेकींच्या अगदी उलट आली.

दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, ही शिकवण महाभारतात आहे, कन्फ्यूशियसच्या वचनांत आहे, बायबलात आहे. वर्गात ती सांगताना मला कधी अडचण आली नाही. पण जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात, एका तळटीपेत, या नियमाला फारशी किंमत दिलेली नाही. या नियमाच्या आधाराने गुन्हेगारही न्यायाधीशाशी वाद घालू शकेल, असे तो म्हणतो. तरुणपणी वाचताना मला ही तळटीप कोरडी वाटली होती. या डिस्कपुढे मात्र तिचा अर्थ कळतो. दुसऱ्याच्या जागी जाताना आपण आपली आवडनिवड बरोबर घेऊनच जातो. सुनेने तिथे स्वतःची लाज नेली, सासूने स्वतःचे दुःख नेले. तो माणूस कोण, हे दोघींनाही माहीत नाही.

कोणी म्हणेल, इतिहासकार तर परक्यांची पत्रे राजरोस वाचतात. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे मिळवून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली. पहिला खंड १८९८ सालचा. ती पत्रे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांना छापण्याची परवानगी दिली असती? त्या वाचनाला आपण चोरी म्हणत नाही, आणि मला वाटते, योग्यच करतो. लिहिणारे आणि ज्यांना त्या लेखनाची लाज वाटावी असे सगळेच काळाआड गेलेले आहेत. ज्याच्या 'अम्मा'चे फोटो या डिस्कवर आहेत, तो मात्र कदाचित आज हुबळीत किंवा दावणगिरीत सकाळचा चहा घेत असेल. त्याचे घर म्हणजे साधन नव्हे.

योगायोग असा की, त्याच १८९८ सालच्या टपाल कायद्यात मला या प्रश्नाच्या जवळचे काही सापडले. ज्याला पत्र पोहोचवता येत नाही आणि ज्याच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ताही नाही, अशा पत्राचे काय करावे? ते जाळून टाकणे हा एक मार्ग, वाचून काढणे हा दुसरा. कायद्याने दोन्ही टाळले. असे पत्र नेमलेल्या अधिकाऱ्याने उघडावे, ते पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता शोधण्यापुरतेच, आणि तो अधिकारी गुप्ततेने बांधलेला असावा, अशी तरतूद होती. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने तो जुना कायदा गेला. पण या तरतुदीत एक समज आहे. पत्र नष्ट करणे परत फिरवता येत नाही. पत्र वाचणेही परत फिरवता येत नाही. पाहिलेले न पाहिलेले होत नाही. मालकाची इच्छा कळत नसताना या दोन्ही गोष्टी शक्य तितक्या लांब ठेवाव्यात आणि निर्णय त्याच्यासाठी उघडा राहील असे करावे. त्याचा खर्च आपण सोसावा, पण जन्मभर नव्हे, काही मुदतीपर्यंत. या उत्तरात त्या अनोळखी माणसाच्या मनात शिरण्याचा दावा नाही. म्हणूनच मला ते त्या सोनेरी नियमापेक्षा अधिक विनम्र वाटते.

इथे एक आक्षेप राहतो, आणि तो सुनेचाच आहे. 'ठेवणे' म्हणजे काही न करणे नव्हे. घरात डिस्क आहे तोवर कोणी तरी ती जोडील, कुतूहलाने एखादा कप्पा उघडील. आज मुलगा प्रामाणिक आहे, उद्या त्याचा मुलगा मोठा होईल. हे खरे आहे. मुदत हवी ती याचसाठी, आणि कुलूपही हवे. कॅमेऱ्याच्या पेट्यांतून निघालेल्या डिस्कांबद्दल मात्र माझ्या मनात शंका नव्हती. कोणाच्या तरी दुकानासमोरून गेलेल्या शेकडो लोकांचे ते चालणे-बोलणे. त्यांपैकी कोणीही ते जपून ठेवायला सांगितले नव्हते. त्या त्याने पहिल्या दिवशीच अथपासून इतिपर्यंत शून्ये लिहून पुसल्या. पुसणे हेही कधी कधी परक्याचे देणे फेडणे असते.

ठरले ते असे. अकरावी डिस्क जुळणीत घालायची नाही. राखीव डिस्क नसल्याने जुळणी थोडी धोक्यात राहील. तो धोका आपला. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, देवघराच्या फळीखालच्या कपाटात ठेवायची, किल्ली आईकडे. पुढच्या दिवाळीपर्यंत मालक सापडला नाही तर सून म्हणते तसे करायचे, आणि तेही तिच्यादेखत.

मालक शोधायचा कसा, यावर मात्र तिढा पडला. यादीत पत्ता असण्याजोगी एकही फाइल नव्हती, सगळे फोटोच. तिथे त्याच्या आईने मार्ग काढला. लग्नाच्या फोटोंत कुठे तरी पत्रिकेचा फोटो असणारच. पत्रिका ही मुळी सगळ्यांना वाटायचीच वस्तू, ती वाचली तर कोणाचे काही उघडे पडत नाही. आणि तीवर नाव, गाव, कार्यालय, सगळे असते. शोधायचे ते एका बाईमाणसाने, तीनेकशे लग्ने पाहिलेल्या बाईने, एकटीने बसून. मुलाने फक्त यंत्र जोडून द्यायचे आणि बाहेर जायचे. 'अम्मा'चा कप्पा उघडायचा नाही, तो ज्याचा त्याने उघडावा. पत्रिका बहुधा कन्नडमध्येच असणार. तेवढे कन्नड मला वाचता येते, असे त्या म्हणाल्या. तुळशीचे लग्न झाले की एका दुपारी बसणार आहेत. त्याआधी चष्म्याचा नंबर तेवढा बदलून घ्यायचा आहे.